मुराळ्याची हवाबंद टाकी

घट्ट झाकणावर आमच्या घरमालकांइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. त्यांच्या घरात मिठाची बरणी उघडायला दोन माणसं लागतात. चिवड्याच्या डब्याला आधी प्लास्टिकचा कागद, मग झाकण, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर. पाहुण्याचा चहा संपत येतो तेव्हा कुठे चिवडा बाहेर येतो. मी देवळ्याहून शिकायला आलो तेव्हा काकांनी वरची खोली मला दिली, ती केवळ मी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या, सासरच्या गावचा म्हणून. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त; निकाल लागला त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत, ‘पदवीधर’ म्हणतात. नोकरी लागल्यावरही मी ती खोली सोडलेली नाही.

त्यांच्याकडे वडिलांची जुनी मोटार आहे. आक्का लग्नानंतर सासरी गेल्या त्या हिच्यातूनच. बाहेरून गाडी तेव्हाचीच, पण आत इंजिन भंगारातल्या एका व्हॅनचं, आणि टाकी निफाडची. मूळची टाकी गंजली तेव्हा द्राक्षबागेच्या फवारणीच्या टाक्या करणाऱ्या एका कारागिराकडून काकांनी स्टीलची नवी करून घेतली. फिरकीचं झाकण, आत जाड रबर. आल्यागेल्याला ते डिकीत डोकं घालायला लावून विचारत, “येतोय पेट्रोलचा वास? नाही येणार.”

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. काका अडुसष्टाव्या वर्षीही आक्कांचे मुराळी म्हणून याच गाडीने देवळ्याला जातात, सोबतीला मला घेऊन. नवी टाकी बसवल्यापासून, येताना देवळ्यात ती काठोकाठ भरून निघालं की गाडी भावडबारीचा घाट झोकात उतरायची आणि सोग्रस फाट्याच्या अलीकडे, एका निंबाजवळ, आचके देत बंद पडायची. मग ठरलेले विधी होत. आधी काका झाकण उघडून काठीने पेट्रोल मोजत. ते भरपूर असे. झाकण पुन्हा आवळून बसवत. “उन्हाने पंप तापला,” असं म्हणून मला फडकं भिजवायला सांगत, ते पंपावर गुंडाळत, आणि आम्ही निंबाखाली अर्धा तास बसत असू. आक्का घरून बांधून आणलेली पुरणपोळी सोडत. भावंडांच्या जुन्या गोष्टी निघत. त्यानंतर गाडी चालू होई, आणि श्रेय फडक्याला मिळे.

तिसऱ्या वर्षी मात्र आक्का गाडीला धरूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बापू, पुढच्या आखाजीला मी नातवाच्या गाडीत येईन. खाली बसलं की उठवत नाय आता. गुडघे लय दुखतात.”

“मग मुराळ्याने काय करायचं?”

“घरी बसायचं.”

काका पिळून झालेलं फडकंच पुन्हा पिळत राहिले. आक्कांनाही ते बघवलं नसावं.

“झाकण उघडलं की ही सुस् करते, ऐकलंस का कधी?” त्यांनी विचारलं. “तेलाच्या डब्याला आपण भोकं किती पाडतो?”

“दोन.”

“का रे?”

“एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते.”

“मग हिला दुसरं कुठं हाय? नाक दाबून पळवतोस बिचारीला.”

काकांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. माझा विषय पदार्थविज्ञान. हवेच्या दाबाच्या धड्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. “आक्कांचं बरोबर आहे,” मी म्हणालो.

“मग तीन वर्षं तू काय करत होतास, पदवीधर?”

“फडकं भिजवत होतो, काका.”

त्या दिवशी झाकण जरा सैल ठेवून आम्ही नाशिक गाठलं. दुसरा कोणी झाकणाला भोक पाडून मोकळा झाला असता. काकांना ते पटेना. वळणावर पेट्रोल हिंदकळून बाहेर येईल, पावसाचं पाणी आत जाईल. त्यांनी टाकीच्या माथ्यावरून हवेसाठी बारीक नळी काढली, पेट्रोल भरायच्या तोंडाहून उंच नेली, तिथून वळवून सायलेन्सरपासून लांब गाडीखाली सोडली, आणि गाडी उलटलीच तर बंद होईल अशी छोटी झडपही बसवली. झाकण तेवढं तसंच घट्ट ठेवलं.

यंदाच्या आखाजीला आक्का याच गाडीत बसल्या. गाडी एकदाही अडखळली नाही. इंजिनाच्या आवाजात बोलता येत नव्हतं, म्हणून दोघं गप्प होती. निंबाचं झाड दिसलं आणि काकांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद करून ते उतरले, झाकण उघडलं, काठीने पेट्रोल मोजलं. सुस् आवाज आला नाही. त्यांनी डिकीतून घडीची खुर्ची काढून निंबाखाली मांडली.

“काय झालं आता?” आक्कांनी विचारलं.

“काही नाही. पंप तापला असेल.”

आक्का माझा हात धरून उतरल्या, खुर्चीत बसल्या आणि पुरणपोळीचं फडकं सोडू लागल्या. मी विचारलं, “काका, फडकं भिजवू का?”

“राहू दे,” ते म्हणाले. “बस तूही.”