भागीरथाचे बटेर

तळेगावात भागीरथाचं घर कोणालाही विचारा, माणूस आधी हसतो आणि मग सांगतो, "ते बटेरवाली काय?" कोंबड्या घरोघरी आहेत, बकऱ्या घरोघरी आहेत, पण बटेर पाळणारी बाई आसपासच्या गावांत हीच एक. मुठीत मावेल एवढ्या पाखरावर कोणी संसार चालवतं का, म्हणून गावानं सुरुवातीला तिची मनसोक्त थट्टा केली. थट्टेनं खचणारी बाई ती नव्हे. नवरा भैयाजी दारूनं पोखरून गेला, तेव्हा हेच गाव तिच्या दारात उभं राहून हळहळलं होतं. त्या हळहळीपेक्षा हसणं बरं, असं तिचं रोखठोक मत आहे.

बटेरांचा नाद लावला तो मुलीनं, पौर्णिमानं. मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहून ती म्हणाली, "माय, जागा कमी लागते, दाना कमी लागते, अन् कोंबडीपेक्षा लवकर तयार होते." मायलेकींनी थर्माकोलची पेटी आणली, आत बल्ब लावले, ओलावा राहावा म्हणून पाण्याची वाटी ठेवली आणि तिला मशीन म्हणायला सुरुवात केली. या बटेराची मादी मोठी निश्चिंत बाई. ठिपक्याठिपक्यांचं अंडं घालते आणि विसरून जाते. त्यावर बसून ऊब द्यायची असते हे तिच्या गावीही नसतं. मग ते आईपण भागीरथाच्या वाट्याला आलं. अंडी फिरवायची तिनं, वाटी भरायची तिनं, लाईट गेली की पेटीवर गोधडी टाकून बोटं मोडायची तीही तिनंच. पिल्लू निघतं ते अंगठ्याएवढं. पहिल्या खेपेला कितीतरी पिल्लं पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेल्या झाकणात बुडून मेली आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. तेव्हापासून झाकणात खडे असतात.

आणि ज्यांना ऊब द्यायची, त्यांनाच पुढे कापायचं. सुरुवातीला तिच्याच्यानं होईना, सुरी पौर्णिमाला घ्यावी लागली. आता हात सरावला आहे. मान, मग गरम पाणी, मग पिसं, आतडी, शेवटी हळद-मीठ. पण विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहत्या न करण्याच्या शीलापाशी तिचा आवाज खाली जातो. शेजारी बसणाऱ्या तानाबाईनं हे केव्हाच ओळखलं होतं, पण शब्दानं विचारलं नाही.

ही तानाबाई म्हणजे गावातल्या महिला मंडळाची पुढारीण. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे कागदावर कोरडा आहे. कागदाखाली काय वाहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भैयाजी गेल्यावर तानाबाईनं भागीरथाला हाताला धरून मंडळात आणलं. तेव्हापासून कुठे हातभट्टीचा वास लागला की बाया पदर खोचून निघतात आणि तानाबाईच्या खांद्याला खांदा लावून भागीरथा असते. बटेरांवरून तिला हसणारं गाव या एका कामात तिच्यापुढे मान खाली घालतं. तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच आहे आणि ते ती जिवापाड जपते.

बटेर तयार व्हायचे, पण घेणार कोण? तिखट रस्सा आवडीनं ओरपणारी माणसंही एवढंसं पाखरू पाहून नाक मुरडत. अशात हायवेवरचा ढाबेवाला श्रावण दारात आला. "मावशी, साफ करून द्या, सगळे मी नेतो." भागीरथाचा जीव भांड्यात पडला. श्रावणच्या ढाब्यावर गाड्या अशा कितीशा थांबतात, मग एवढे बटेर खातं कोण, हे पौर्णिमानं एकदा विचारलं. "आपल्याले काऊन पायजे? त्याचा ढाबा हाय, त्याचं गिऱ्हाईक हाय," असं म्हणून भागीरथा उठली आणि अंडी फिरवायला गेली. हा प्रश्न पुढे जेव्हा जेव्हा तिच्या मनातही येई, तेव्हा तेव्हा मशीनमध्ये काहीतरी काम निघे.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे घरोघरी मटण आणि आडोशाला बाटली. श्रावणची मोठी मागणी होती. मायलेकी पहाटेपासून कापत बसल्या आणि सकाळीच तो माल घेऊन गेला. दुपारी तानाबाई तरातरा आली. मागे पाचसहा बाया होत्या.

"चाल वं भागीरथा. ढाब्यामांगच्या शेडात पिऊन राह्यले लोक."

"कोनाच्या ढाब्यामांगं?"

"श्रावनच्या. दुसरा कोनता हाय?"

भागीरथाची बोटं अजून हळदीनं पिवळी होती. पोटात दुखतं म्हणायला हरकत नव्हती. तिनं हात पदराला पुसले आणि ती निघाली.

शेडाचं दार ढकललं तशी निम्मी माणसं मागच्या कपाशीच्या पऱ्हाटीत पळाली. बायांनी दारूच्या प्लास्टिकच्या डबक्या ओतायला सुरुवात केली. भागीरथाला डबक्या दिसल्याच नाहीत. तिला दिसल्या थाळ्या. प्रत्येक थाळीत तिचे बटेर, लालभडक तळलेले, वर कांदा आणि लिंबू. नुसती दारू माणूस घटाघटा पितो आणि उठतो. सोबत काही चघळायला असलं की बसतो, आणि बसला की पीतच जातो. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. भैयाजीसाठी तिनं वर्षानुवर्षं तळून दिलं होतं, नाहीतर घरातली भांडी फुटत.

इतक्यात तानाबाई मटकन खाली बसली. कोपऱ्यात तिचा मुलगा धनंजय होता, वर्ध्याला कामावर गेलेला म्हणून ती सांगत असायची तोच. त्याला उठता येत नव्हतं. "माय, तू काऊन आली वं?" एवढंच तो बरळला. साऱ्या गावाच्या पोरांना फैलावर घेणारी तानाबाई मान वर करीना. थाळ्यांकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

श्रावण भागीरथाजवळ सरकला. "मावशी, तुमी चूप राहा," तो पुटपुटला. "तुमचं नाव नाई घेत मी."

हसणारं गाव, मान खाली घालणारं गाव, सगळं क्षणभर तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ती तानाबाईसमोर जाऊन बसली.

"तानाबाई, तुया पोट्टा एकलाच नाई सापडला आज. हे बटेर माये हायेत. सकाळी मीच कापले. दारू या श्रावननं पाजली, पन तुया पोट्ट्याले इथं बसवलं मी."

तानाबाईनं डोळे वर केले. "तुले मालूम होतं?"

"मी विचारलंच नाई," भागीरथा म्हणाली. "विचारलं असतं त मालूम झालं असतं. म्हनून नाई विचारलं."

एकीनं तोंडाला पदर लावला. तानाबाई उठली, पोराच्या एका खांद्याखाली हात घातला आणि भागीरथाला म्हणाली, "त्या बाजूनं धर."

दोघींनी धनंजयला उभं केलं. दारापाशी श्रावण आडवा आला. "मावशी, मंग पुढच्या हप्त्याचा माल?"

घरी पिंजरे भरलेले होते, पेटीतली अंडी फुटायला आली होती आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "तुयासाठी नाई आता," भागीरथा म्हणाली. दोघी धनंजयला सांभाळत गावाच्या रस्त्याला लागल्या.