मायसांदचं दरसालचं पाप

मोरांकूर गावात मायसांदच्या वजडीचं नाव होतं, पण त्याहून मोठं नाव तिच्या जिभेचं होतं. थोरल्या चर्चच्या दक्षिण दारासमोर तिची चूल, चुलीवर आतडी शिजवायचा काळा हंडा आणि हंड्यामागे ती. चर्चचं बांधकाम तिच्या जन्माआधीपासून चालू होतं. खाणीतून दगड आणायला बैल कमी पडले, तेव्हा तिच्या आज्याने स्वतःला गाडीला जुंपून घेतलं होतं. त्यामुळे या इमारतीबद्दल बोलायचा वडिलोपार्जित हक्क आपल्याला आहे, असं ती धरून चालायची.

आणि ती बोलायची. दारावर कोरलेल्या नरकात सैतानांनी एका राजाला आणि एका बिशपला हंड्यात घातलं होतं. सगळा गाव ते चित्र कौतुकाने बघायचा. मायसांद म्हणायची, "जाळ कमी आहे. एवढ्याशा जाळावर माझी वजडी शिजत नाही, बिशप कुठला शिजतोय?" रंगीत काचेच्या खिडकीत योना संदेष्टा माशाच्या पोटातून बाहेर पडत होता. तिथं तिची तक्रार वेगळी. "माशाला आतडी कुठं आहेत? पोट काय रिकामं पोतं असतं?"

छत पुरं होऊन त्याखालच्या आधाराच्या फळ्या निघाल्या त्या वर्षी मात्र तिची वाचाच बसली. सगळा गाव आत शिरला आणि माना वर करून उभा राहिला. दगडाचं छत एवढ्या उंचावर, आणि खाली आधाराला खांब कसले, तर काड्या. शेवटी तिने गवंड्याला विचारलं, "हे पडत का नाही?"

गवंडी म्हणाला, "बाहेरून टेकू दिलेत ना. लग्नात मामाला जास्त झाली की भाचे दोन्ही बाजूंनी धरतात, तसं."

"आणि भाच्यांना झाली तर?"

तेव्हापासून मायसांद आत जाताना बाहेरच्या टेकूंवर एक नजर टाकूनच जायची.

सेंट जॉनच्या सणाला तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा विस्तास नदीकाठच्या ब्रेल शहरातून आला. तो दोर वळायचा, आणि बढायाही तशाच लांबलचक वळायचा. मायसांदने त्याला हौसेने चर्च दाखवलं. त्याने मान वर केली, खाली केली.

"छान आहे हो, आक्का. आमच्याकडं बिशपच्या घोड्यांचा तबेला एवढाच आहे."

हे सगळ्या बाजाराने ऐकलं. मायसांदने त्याच्या वाडग्यातला वजडीचा मोठा तुकडा परत हंड्यात टाकला आणि जाहीर केलं, "मी स्वतः ब्रेलला जाऊन तिथलं चर्च बघते. याची थाप उघडी पाडते."

नदीकाठाने चालत ती ब्रेलला पोचली, ती सकाळच्या उन्हात. बहिणीच्या घरी न जाता तडक चर्चमध्ये शिरली, नावं ठेवायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. भिंतच नव्हती. भिंतीच्या जागी रंगीत काचांचा उजेड उभा केला होता. निळा, तांबडा, मधासारखा पिवळा. तिने हात पुढे केले. कितीही घासले तरी वजडीचा वास न सुटणारे ते हात निळे झाले होते, राणीने नीलमाच्या अंगठ्या घालाव्यात तसे. स्वर्गातल्या नगराचे तट रत्नांचे आहेत, असं फादर प्रवचनात सांगायचे. ती आजवर ते वाढवून सांगितलेलं समजत होती. फादरनी उलट कमीच सांगितलं होतं. संध्याकाळची घंटा होईपर्यंत ती एका खांबाला टेकून बसून राहिली. शिदोरीतला पाव तसाच राहिला.

परत आली तेव्हा बाजार वाट बघत होता.

"उंच आहे," ती म्हणाली. "पण अंधार! भुयारात उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि खांब म्हणजे आजारी कोंबडीच्या तंगड्या."

लोकांना बरं वाटलं. गोबेर भटारी लगेच म्हणाला, "मीपण मागं जाऊन आलो. अगदी काळोख." मायसांदने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. त्याने पिठाचे हात झटकायला सुरुवात केली.

ईस्टरच्या आधी पापाची कबुली द्यावी लागते. तिने फादर ऑर्सांपुढे गुडघे टेकले.

"फादर, मी खोटं बोलले. ब्रेलचं चर्च अंधारं आहे म्हणाले."

फादरनी विचारलं, "मग, नाही का?"

"डोळे दिपतात, फादर."

"दिपतात खरे," फादर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"तुम्ही तर प्रवचनात म्हणालात, ब्रेलवाले मेणबत्तीशिवाय—"

"कबुली कोण देतंय? तू का मी?" फादरनी घसा साफ केला. "प्रायश्चित्त म्हणून पायी ब्रेलला जायचं आणि दिवसभर तिथं प्रार्थना करायची. मीही येईन म्हणतो. तिथल्या फादरकडं माझंही थोडं काम आहे."

मायसांदने प्रायश्चित्त मन लावून केलं. परत आल्यावर बाजाराने विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली, "अंधार वाढलाय." त्यामुळे पुढच्या ईस्टरला तिला पुन्हा कबुली द्यावी लागली आणि पुन्हा ब्रेलची वाट धरावी लागली. दुसऱ्या खेपेला गोबेर भटारीही निघाला. त्याचंही तेच पाप होतं. पुढं पुढं तर पापी मंडळींचा चांगला जथाच जमायला लागला. कांदापातीचे पाव, बुधलाभर बिअर, वाटेत गाणी. परतताना नदीच्या पुलावर सगळे आळीपाळीने ब्रेलच्या चर्चला नावं ठेवून बघायचे, म्हणजे गावात सांगताना एकमेकांत गोंधळ नको.

असंच एका शरदात, बाजार नसलेल्या दिवशी, मायसांद आपल्याच चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली. मधोमध फरशीवर एक माणूस उताणा पडला होता. तो विस्तास होता. आपण आलोय हे त्याने कुणालाच कळवलं नव्हतं. टोपी छातीवर, डोळे छताला लागलेले.

"चक्कर आली का हो?" तिने विचारलं.

तो दचकला, पण उठला नाही. "पाठ धरलीय, आक्का."

तिच्या जिभेवर तबेला आला होता. तो तिने गिळला. कमरेला खोचलेलं ओलं फडकं फरशीवर अंथरलं, गुडघे धरत धरत खाली बसली आणि त्याच्या शेजारी आडवी झाली.

"माझीपण धरलीय," ती म्हणाली.

झाडूवाला आला, तेव्हा दोघं तसेच पडले होते. त्याने दोनदा खाकरून बघितलं. मग तो त्यांना वळसा घालून झाडायला लागला.