चोच मोठी की दात

घरची थोरली सून मत्स्यालयात पेंग्विन सांभाळायची आणि तिचा धाकटा दीर शार्क. शार्क म्हटलं की पाहुण्यांचे डोळे विस्फारायचे, त्यामुळे घरात दीर म्हणजे शूरवीर आणि थोरली म्हणजे कोंबड्या राखणारी. "वहिनीला काय, बादलीभर मासे टाकले की झालं," असं तो भरल्या तोंडानं सांगायचा. सासूबाई मान डोलवायच्या.

थोरली मनात म्हणायची, वा रे बहाद्दर! त्याची ती 'नर्स' जातीची शार्क दिवसभर टाकीच्या तळाशी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी लोळत पडलेली. घासही तोंडापाशी न्यावा लागे. उलट तिचे हम्बोल्ट पेंग्विन दिसायला गोजिरे, पण चोच म्हणजे पक्कड. तिचे हात कोपरापर्यंत व्रणांनी भरलेले होते. विचारलं कुणी? कुणीच नाही.

एकदा ओल्या फरशीवर घसरून तिचं मनगट मुरगळलं. साहेबांनी पेंग्विन दिराकडे सोपवले. ती स्टुलावर बसून सांगत होती, "भावोजी, हातमोजे घाला. ती मादी अंड्यावर बसलीय."

"कोंबडीला हातमोजे?" तो हसला आणि मादीला उचलायला वाकला.

मादीनं चोचीत मनगट असं धरलं की शूरवीर "आई गं!" म्हणून किंचाळला आणि बादलीसकट हौदात पडला. काचेपलीकडची पोरं टाळ्या पिटू लागली.

संध्याकाळी हाताला पट्टी बांधून स्वारी घरी. "शार्कनं धरलं," तो कण्हत म्हणाला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, शेजारपाजार गोळा झाला. "बघ, याला म्हणतात काम!" त्या सुनेला म्हणाल्या.

थोरलीनं गुमान येऊन त्याची पट्टी सोडली, स्वतःची बाही वर सारली आणि आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. खूण तीच, अगदी तशीच.

"शार्कनं धरलं असतं ना आई, तर सोडवायला चार माणसं लागली असती. ही आमच्या कोंबडीची चोच."

शेजारीण फिसकन हसली. दीर उठून आत गेला.

पुढे त्यानं तिकीटखिडकी मागून घेतली. तिथे काचेला बारकंसं भोक आहे, त्यातून कुणाची चोच आत येत नाही. शार्कही थोरलीकडेच आली. आता सासूबाई आल्यागेल्याला ऐटीत सांगतात, "आमची सून शार्क सांभाळते हो!"

पेंग्विनांबद्दल अजूनही चकार शब्द नाही. थोरली आत कपाळावर हात मारून घेते.