वणेचं सासर आणि मूठभर चिन्नोर

गोदावरीच्या मुखापर्यंत जायचं खूळ आमच्या घरात शिरलं ते माझ्यामुळे. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी हिंगणघाटच्या एका शाळेत नुकतीच भूगोल शिकवायला लागले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत नद्यांचा तक्ता घरी जमिनीवर पसरून रंगवत बसले होते. आपली वणा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि समुद्राच्या तोंडाशी गोदावरीला फाटे फुटतात, त्या फाट्यांमधला गाळाचा मुलूख म्हणजे त्रिभुज प्रदेश. निळा ब्रश फिरवत मी हे सगळं मायला ऐकवत होते. ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे आपल्या वणेचं सासर तथी हाये?"

"तसंच समज."

"मंग मी तथी जातो अन् तिची ओटी भरतो."

मला हसू आलं, पण हसण्यासारखी वेळ नव्हती. माझी मोठी बहीण सुमनताई वरोऱ्याला दिलेली. हिंगणघाटहून पॅसेंजरने तासाभराचा रस्ता. तरी लग्नानंतरची तिसरी दिवाळी कोरडी गेली होती. सासरचे तिला माहेरी धाडतच नव्हते. कारण काय, तर तांदूळ. लग्नात विहीणबाईंची ओटी भरायला मायने मुद्दाम भंडाऱ्याकडून चिन्नोर मागवला होता. चिन्नोर दाण्याला आखूड आणि बारीक, पण शिजला की घरभर वास सुटतो. आमच्या ज्वारी-कापसाच्या मुलखात तो ओळखणारे थोडे. विहीणबाईंनी पदरात पाहिलं आणि भर मांडवात म्हणाल्या, "कणीनं भरली माही ओटी?" तुकडा तांदळाने ओटी भरणं म्हणजे विहिणीचा अपमानच. माय तरी गप्प बसावी ना! "ज्यानं चिन्नोर पाह्यला नाई त्यानं बोलू नोका," म्हणाली. झालं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आणि मधल्या मधे सुमनताई अडकली.

म्हणून हा नवा उपाय. नदीची ओटी तिच्या सासरी जाऊन भरायची, म्हणजे नदी आपल्या लेकीला माहेरी आणेल.

"माय, नवस आधी बोलतात, मग फेडतात. तू तं आगाऊच फेडून राह्यली."

"आगाऊ देल्लं तं कोनी नाई म्हनत नाई."

बाबा ओसरीवर पान लावत होते. ते म्हणाले, "वरोरा तासाभरावर हाये. तुमी मायलेकी दर्यापर्यंत काऊन जाता?"

"बोलावल्याबिगर मी इहिनीच्या दारात पाय ठेवत नाई," माय म्हणाली. "अन् लेकीच्या घरचं पाणीबी पेत नाई मी."

हा नियम तेव्हा पुष्कळ घरांत होता. मायच्या बाबतीत तो नियम आणि हट्ट असे दोन्ही होते.

तुळशीचं लग्न लावून आम्ही निघालो. सामान म्हणजे एक वळकटी, भाकरी-ठेचा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि ओटीची वेगळी पिशवी: खण, हळकुंड, सुपारी, खारीक, दोन शेर चिन्नोर आणि नारळ. "कोकणात नारळ घेऊन जाण्यासारखं आहे हे," मी म्हटलं, पण मायने आपला तो घेतलाच. आधी पॅसेंजरने बल्हारशा, तिथून मद्रासकडे जाणारी गाडी, बेजवाड्याला, म्हणजे विजयवाड्याला, ती सोडून राजमहेंद्रीची. वाटेत वरोरा लागलं तेव्हा मायने खिडकीतून तोंड फिरवलं आणि गाडी सुटेपर्यंत चंबूतलं पाणी पीत बसली.

राजमहेंद्रीला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. समोरच एका छोट्या सहल कंपनीची पाटी होती, तेलुगू आणि मोडक्या हिंदीत: एका दिवसात गोदावरीचं धरण, कालवे, नरसापूर, लाँच, अंतर्वेदीचं देऊळ आणि समुद्रसंगम, जेवणासकट माणशी तीस रुपये. स्वस्तातली सहल कशी असते ते ज्याने त्याने स्वतः अनुभवावं. बसच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, आमच्या बाकाचा एक पाय लाकडाच्या ठोकळ्यावर होता, आणि गाइड सुब्बाराव माणसं मोजताना दर वेळी एक माणूस जास्त मोजायचा. पण माणूस लाघवी. नागपुरात काही वर्षं राहिलेला होता, त्यामुळे त्याची हिंदी आम्हाला समजायची. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आहोत हे कळल्यावर म्हणाला, "अरे, तुमारा पानी तो रोज हमारे पास आता है!" तेव्हापासून माय त्याला घरचाच समजायला लागली.

भल्या सकाळी बस सुटली. धवळेश्वरमला धरणावर उतरलो. इथून नदीला दोन मोठे फाटे फुटतात, एक गौतमी आणि एक वसिष्ठा. तक्त्यावर मी जे दोन रेघांत उरकलं होतं त्याचा पलीकडचा काठ इथे दिसत नव्हता. मी तरी काय पाहिलं होतं तोवर? भूगोल शिकवणाऱ्या बाईने त्रिभुज प्रदेश पुस्तकातच पाहिलेला.

पुढचा रस्ता कालव्याच्या काठाने. कालवा वर, शेतं खाली, असं उलटं चित्र. भाताला पिवळी छटा आलेली, बांधावर नारळ आणि केळी, कालव्यातून गवताच्या गंज्या लादलेल्या नावा. एक माणूस काठावरून दोरीने नाव ओढत होता. आमच्याकडची काळी कोरडवाहू माती पाहिलेल्या मायला एवढ्या पाण्याचा रागच आला. "अथी पाण्याले काही किंमतच नाई," ती म्हणाली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

आमच्या शेजारच्या बाकावर एक ठसठशीत तेलुगू बाई होती, नरसापूरकडच्या गावाची. तिला सगळे अक्का म्हणत होते. तिची आणि मायची भाषा एक नव्हती, पण तासाभरात तिने मायला केळी दिली, मायने तिला दशमी दिली, आणि दोघी आपापल्या भाषेत गुडघेदुखीवर बोलायला लागल्या.

नरसापूरला जेवण. पंगत लांबच लांब, केळीची पानं, भाताचा डोंगर, सांबार, वांग्याची भाजी, आणि जीभ सोलून काढेल असं गोंगुराचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं. मायचं पान रिकामं झालं. वाढपी भाताची परात घेऊन आला आणि विचारलं, "वद्दा?"

"वाढा," माय म्हणाली.

तो पुढे गेला. थोड्या वेळाने परत आला. "वद्दा?" माय जोरात म्हणाली, "हो बाप्पा, वाढा! वाढा!" तो हात जोडून पुढे सटकला. तिसऱ्यांदा तर त्याने विचारलंच नाही. माय लाल झाली. "हे काय पाहुण्याले वाढून राह्यले? इचारते अन् पळून जाते!" शेवटी सुब्बारावने हसत हसत उलगडा केला: तेलुगूत वद्दु म्हणजे नको. वाढपी विचारत होता, आणखी नको का? आणि माय ओरडून ओरडून सांगत होती, नको, नको. तोवर परात आत गेली होती. तुम्ही जाल तेव्हा भात हवा असेल तर पानाकडे बोट दाखवा आणि तोंड बंद ठेवा.

लाँच वसिष्ठेतून खाली निघाली. पात्र रुंद होत गेलं, वाऱ्याला खारट वास आला. अंतर्वेदीला नरसिंहाचं देऊळ आहे. दर्शन झटपट झालं. तिथून वाळूतून चालत संगमापर्यंत जायचं. सुब्बारावने आधीच बजावलं की अर्ध्या तासात लाँच सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. माय गुडघे विसरून सगळ्यांच्या पुढे चालली होती.

काठाशी पोचलो आणि ती एकदम थबकली. पाणी समुद्राकडून आत येत होतं. गवताच्या काड्या, फुलं, फेस, सगळं उलटं, नदीच्या वरच्या अंगाला चाललं होतं.

"व बाई, हे उलटी काऊन वाहून राह्यली?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नदी उलटी वाहणं चांगलं नसते."

मी भरती-ओहोटी शिकवलेली होती, पण पाहिली तीही पहिल्यांदाच. तिला समजावलं की समुद्राला भरती आली की पाणी नदीत शिरतं, मग उतरतं, दिवसातून दोनदा.

"दिवसातून दोनदा हे माहेराकडे येते?"

"थोडी वरपर्यंत. हिंगणघाटापर्यंत नाही."

"येते तं सई," माय म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. तीन वर्षांत ती सुमनताईसाठी माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मलाही तिथे ताईची फार आठवण आली.

मग तिने पिशवी सोडली. खण, नारळ, हळकुंड काढलं, आणि चिन्नोरची ओंजळ भरली. अक्का कौतुकाने पाहायला जवळ आली होती. तिने ओंजळीत डोकावलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "नूकलु?"

सुब्बाराव जरा घुटमळला. "वो पूछती है, इतने दूर से आये और नदी को टुकडा चावल क्यों देते?"

मी मायकडे पाहिलं. आता ही फाडकन बोलणार, अशी माझी खात्री होती. जन्मभर भातच शिजवणारी, भाताच्याच देशातली बाई चिन्नोरला कणी म्हणत होती. पण मायने अक्काकडे पाहिलं, मग ओंजळीकडे पाहिलं, जणू तो तांदूळ तिने पहिल्यांदाच पाहिला असावा. ओंजळ तिने पाण्यात सोडली. खण आणि नारळ वाहिला. उरलेला तांदूळ मात्र परत बांधून ठेवला. निघताना अक्काने तिचा हात धरून काहीतरी विचारलं, राग आला का असंच असावं. मायने तिच्या हातावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी बल्हारशाला पॅसेंजरमध्ये बसल्यावर मायने विषय काढला.

"मंदे, त्या बाईचं अन् आपलं काही वैर होतं काय?"

"नाही."

"तिले कणी दिसली, तिनं कणी म्हनलं."

"हो."

"मंग इहीनबाईलेबी तेच दिसलं असंल."

चंद्रपूर गेलं, भांदक गेलं. वरोरा आलं तशी ती उठली, वळकटी माझ्या हातात दिली, ओटीची पिशवी आपल्या हातात घेतली आणि खाली उतरली.

विहीणबाई अंगणात वाती वळत बसल्या होत्या. उंच, कडक बाई. आम्हाला पाहून त्यांनी वाती बाजूला ठेवल्या, पण ‘या’ म्हणाल्या नाहीत. सुमनताई आतल्या दारात आली आणि चौकट धरून तिथेच उभी राहिली.

"इहीनबाई," माय उभ्याउभ्याच म्हणाली, "कणीसारखंच दिसते ते. तुमी दिसलं ते बोलल्या. मी समजावून सांगाचं सोडून भांडली. आता तुमच्याच चुलीवर शिजवून पाहा."

आणि पिशवी पुढे केली. विहीणबाईंनी पिशवी उघडली, दाणे तळहातावर घेतले, दिव्याच्या वातीसारखे बोटांनी चाचपले. मग त्या आत वळून म्हणाल्या, "सुमन, चूल पेटव."

भाताला आधण आलं आणि वास सुटला. आधी स्वयंपाकघरात, मग ओसरीवर, मग अंगणात. शेजारची बाई कुंपणावरून विचारायला लागली, आज काय व केलं म्हणून. विहीणबाई चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हा कणीचा वास नाई," त्या म्हणाल्या. नंतर जरा खाली बघून, "आमी तवाच शिजवाले पायजे होतं. रागानं गाईले घातला मी तो."

"गाय तरी खूश झाली असंल," माय म्हणाली आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी हसलं. ती सुमनताई होती.

ताटं मांडली गेली. विहीणबाई मायला म्हणाल्या, "तुमी लेकीच्या घरी जेवत नाई, म्हाईत हाये मले." सुमनताई भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी. माय पाटाकडे बघत राहिली, मग गुडघ्यावर हात टेकून हळूच बसली.

"वाढा," ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघी हिंगणघाटला उतरलो.

आता हिशेबाचं. त्रिभुज प्रदेश जरूर पाहावा, पण पावसाळा संपल्यावर. टोपी, पाणी आणि घरचं खाणं सोबत ठेवा, आणि भरतीची वेळ आधी विचारून घ्या. शाळेत मी पुढे पुष्कळ वर्षं तो धडा शिकवला आणि दर वेळी फाटे काढताना उलटं चाललेलं पाणी आठवायचं. वणेने ताईला माहेरी आणलं असं माय शेवटपर्यंत म्हणायची. मी तिला कधी विरोध केला नाही.

विहीणबाईंचं मात्र मानलं पाहिजे. त्यानंतर दर दिवाळीला सुमनताई यायची तेव्हा त्या तिच्या पिशवीत पुरचुंडी बांधून द्यायच्या, अस्सल तुकडा कणीची, आणि निरोप असायचा, "तुह्या मायले सांगजो, चिन्नोर धाडला." माय त्याच दिवशी ती शिजवायला घ्यायची. पहिला घास घेऊन डोळे मिटायची आणि म्हणायची, "वास काही येत नाई व. पण इहीनबाई म्हनते तं चिन्नोरच असंल."