तिसरा साक्षीदार

कालिंदी दिघे यांच्याकडे फॉर्म भरून घ्यायला अख्खं ठाकूरद्वार येतं. रेशनकार्डात नाव चढवायचं असो, पोराचा पासपोर्ट असो, नाहीतर घरच्यांशी भांडून रजिस्टर लग्न करायचं असो; लोक चपला काढून आत येतात आणि बाई चष्मा पुसायला घेतात. एकोणचाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळे आपल्याला माणसांपेक्षा रकाने जास्त कळतात, असं त्या सांगतात. त्यात काही तथ्य नाही. समोरचा खोटं बोलतोय हे त्यांना फॉर्म उघडायच्या आधीच कळतं.

लग्नांचा त्यांना विशेष सोस. आजवर अकरा जोडपी त्यांनी फोर्टातल्या विवाह कार्यालयात नेऊन उभी केली. नोटीस कधी द्यायची, ती बोर्डावर तीस दिवस कशी राहते, कुठल्या कागदाच्या किती झेरॉक्स लागतात, सगळं तोंडपाठ. साक्षीदार तीन लागतात. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "दोघं तुम्ही आणा, तिसरी मी आहेच." कुणाचा साक्षीदार ऐनवेळी गळाला तर त्या धाकट्या भावाला, हेरंबला फोन लावत. त्याचं विमा कंपनीतलं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. तो लंच टाइममध्ये यायचा, सही ठोकायचा आणि पेढा तोंडात टाकून परत जायचा.

मनमोहन कोठारे अशाच एका लग्नापायी आले. माहीमला राहणारे, निवृत्त ड्राफ्ट्समन, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. पुतणी मनवाच्या लग्नाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरून आणला होता. कालिंदीताईंनी चुका काढायला लाल पेन उघडलं आणि शेवटच्या पानापर्यंत ते नुसतंच हातात राहिलं. एकही चूक नव्हती. अक्षर तर छापल्यासारखं. प्रेम कशावरून जडेल याचा काही नेम नसतो, इथे ते फॉर्मवरून जडलं. मग कोठारे अधूनमधून काहीबाही कागद दाखवायला येऊ लागले. ते सगळे बिनचूक असत आणि हे दोघांनाही माहीत होतं. वर्षभराने दादरला पीयूष पिता पिता त्यांनी लग्नाचं विचारलं, तेव्हा कालिंदीताई म्हणाल्या, "कागदपत्रं बघावी लागतील." हा होकार होता.

अडचण एकच होती, हेरंब. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्या एकोणीसच्या. वडिलांच्या जागी त्या नोकरीला लागल्या, त्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं आणि त्याच दोन खोल्यांत त्याच्या संसारात मिसळून राहिल्या. एकोणसाठाव्या वर्षी ताई लग्न करतेय म्हटल्यावर तो हसेल, याची भीती नव्हती. हसला तर हसला. पण आपल्या घरात ताईला काय कमी पडलं, असं त्याच्या मनात आलं तर?  शेवटी त्यांनी कारकुनी तोडगा काढला. आधी लग्न उरकायचं, मग सर्टिफिकेट पुढ्यात ठेवून सांगायचं.

"भावापासून लपवू नकोस," दादरची जुनी मैत्रीण शकू म्हणाली. "बाहेरून कळलं तर काय तोंड दाखवशील?" कालिंदीताईंनी विषय बदलला. नोटीस बोर्डावर लागली त्या महिन्यात मात्र काही ना काही कारण काढून त्या तीनदा फोर्टात जाऊन आल्या. काचेमागे आपलं नाव वाचायचं, कोठाऱ्यांचं वाचायचं, कुणी बघत नाही ना हे पाहून पुन्हा वाचायचं. या वयात माणूस इतकं खूश असू शकतं, याचीच त्यांना लाज वाटे आणि ती लाजही आवडे.

ठरल्या दिवशी त्या अंजिरी नारायणपेठ नेसल्या. "आज एका जोडप्याचं काम आहे," असं घरात सांगून निघाल्या. खोटं काहीच नव्हतं.

कार्यालयात सगळे ओळखीचे. टेबलामागच्या कारकूनबाईंनी फाईल उघडली.

"साक्षीदार?"

"ही शकू आणि ही मनवा."

"तिसरे कोण?"

"मी आहे ना," कालिंदीताई आधार कार्ड पुढे करत म्हणाल्या.

कारकूनबाईंनी मान वर केली. "मॅडम, आज तुम्ही नवरी आहात."

शकूने कपाळावर हात मारला. मनवा भिंतीकडे तोंड करून हसू लागली.

"तुमच्या लक्षात नाही आलं?" कालिंदीताईंनी कोठाऱ्यांना विचारलं.

"तुम्ही म्हणालात, तिसरी मी आहेच. मी मान डोलावली. दिघेबाई कधी चुकत नाहीत."

लग्न लावणारे साहेब तासाभरात मीटिंगला जाणार होते. शकू म्हणाली, "खालच्या चहावाल्याला आणते वर. सही तर करायचीय."

"नाही. असा रस्त्यावरून धरून आणलेल्याची सही मी कुणाच्या लग्नात चालू दिली नाही," कालिंदीताई म्हणाल्या. नियम त्यांचाच होता, आता काय करणार. त्या बाकावर फोन हातात धरून बसल्या. मग एकदाचा नंबर लावला. "हेरंब, आधार कार्ड घेऊन ये."

"आलोच. आज कुठली पार्टी?"

"ये तू."

हेरंब घाम पुसत आला. कोठाऱ्यांशी हात मिळवत त्याने विचारलं, "काका, तुम्ही मुलाकडचे का?"

"हो, मुलाकडचाच," कोठारे म्हणाले.

"मग नवरा-नवरी कुठायत? मला दोनला परत जायचंय."

 कालिंदीताईंनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. न वाचता सही करायची नाही, हे त्यांनीच त्याला लहानपणी शिकवलं होतं. तो वधूच्या नावापर्यंत आला, थांबला, शेवटपर्यंत वाचत गेला आणि खुर्ची ओढून बसला.

"मला सगळ्यात शेवटी, ताई?"

"तुला वाटलं असतं, घरात मला काही कमी पडलं."

"पडलंच ना." हेरंबने चष्मा काढला. "इतकी वर्षं दिसत होतं मला. तू लग्न करून गेलीस तर माझं कसं होणार, म्हणून मीच कधी विचारलं नाही."

 भीती आपल्या एकटीचीच आहे, असं कालिंदीताई समजून चालल्या होत्या. हेरंबने पेन घेतलं आणि तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या सह्या झाल्या, हार घालून झाले, साहेबांनी अभिनंदन केलं. सगळे निघणार, तोच हेरंब म्हणाला, "थांबा. नवरीचा भाऊ अजून मोकळा नाही झाला." आणि तो कोठाऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला. लग्नात नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. तोही मान भावाचाच.

कोठाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी पांढरं डोकं नम्रपणे वाकवलं. "डाव्या कानात मशीन आहे," ते म्हणाले, "उजवा घ्या."

एक्कावन्न वर्षांच्या हेरंबने त्रेसष्ट वर्षांच्या नवरदेवाचा उजवा कान चांगला लाल होईपर्यंत पिळला. "हिने आयुष्यभर सगळ्यांचं बघितलं," तो म्हणाला. "आता हिचं तुम्ही बघायचं. कळलं?"

"कळलं," वाकल्या वाकल्याच कोठारे म्हणाले.

अकरा लग्नांत डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या कालिंदीताई हसता हसता रडू लागल्या. सह्या अजून ओल्या होत्या, म्हणून कारकूनबाईंनी रजिस्टर हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.