मल्लूमामाची जागा

‘सुटला बिचारा,’ असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. मल्लूमामा गेल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता कुणी दारात चपला काढायला लागलं तरी माझ्या कपाळावर आठ्या चढतात. कशातून सुटला? बशीत चहा ओतता ओतता ही माणसं निकाल देऊन मोकळी होतात. त्या दिवशी मी शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. शिपाई आला आणि म्हणाला, ‘बाई, तुमच्या भावाचा फोन होता. मामा गेले म्हणे.’ माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते खरं सांगते. दुःख नंतर आलं. आधी आली धास्ती, कारण मी मामाला एक शब्द दिलेला होता...

मल्लूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. भीमेवरच्या धरणात त्याचं गाव गेलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांनी नकाशावरून ते खोडलं त्यांनाही ते आठवत नसेल. मामी आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून तो सोलापूरला आमच्या घरी आला आणि ओसरीवर राहू लागला. साठीच्या घरातला, अंगापिंडानं मजबूत, उभा जन्म रानात राबलेला माणूस. त्याला नुसतं बसून राहायची शिक्षा झाली. पहिल्या महिन्यात तो नगरपालिकेच्या बागेत जाऊन गवत खुरपत बसला, तर रखवालदारानं त्याला हाताला धरून बाहेर काढलं. घरी येऊन म्हणाला, ‘गवत वाढलंय की लई. काढलं तर काय बिघडलं?’ आम्ही सगळे हसलो. आमच्या घरात मामाच्या बऱ्याच गोष्टींवर हसायची पद्धत होती.

आणीबाणी उठून दीड-दोन वर्षं झाली होती. धरणात पाणी साठायला लागलं होतं आणि सोलापूरच्या लोकांना ते ‘बघायला’ जायची नवीनच हौस लागली होती. उन्हाळ्यात नळाला चमचाभर पाणी बघणारी माणसं आम्ही, एवढं पाणी म्हणजे आम्हाला जत्राच. त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, मिलमधल्या ओळखीनं जीप मिळवली आणि जाहीर केलं की शनिवार-रविवार सहल, होडीतून बेटावर जायचं. बेट कुठलं, तर मामाच्याच रानाचं टेकाड. भोवती पाणी चढलं आणि ते वर राहिलं, म्हणून बेट. ‘मामा आपला गाईड,’ अण्णा म्हणाला. हा शब्द आजही माझ्या कानात टोचतो. त्या वेळी टोचला नाही. वहिनीबरोबर मी उत्साहानं शेंगापोळ्या लाटल्या, कडक भाकरी फडक्यात बांधल्या, अण्णाच्या मुलांच्या टोप्या शोधल्या. शनिवारी टेंभुर्णीला ओळखीच्यांकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी पाण्यावर पोचलो.

होडी सोपान भोयाची. तो मामाच्याच गावचा, पूर्वी नदीत उतारू नेणारा. मामा त्याच्याजवळ टोकाला बसला आणि पाण्याकडे बोट दाखवत सांगू लागला. ‘हितं शाळा. ही चावडी. आता आपण बाजारपेठेवरनं चाललोय बघा.’ मुलं खिदळत होती, वाकून वाकून बघत होती आणि वहिनी त्यांच्या सदऱ्याची टोकं धरून ओरडत होती. मधेच एके ठिकाणी मामानं पायातल्या वहाणा काढल्या, मांडीवर घेतल्या आणि पाण्याला हात जोडले. सोपाननंही वल्हं थांबवलं. अण्णानं विचारलं, ‘काय झालं, पाय भिजले का?’ मामा म्हणाला, ‘खाली महादेव हाय की. त्याच्या डोक्यावरनं वहाणा घालून कसं जायचं?’ होडीत हशा पिकला. मीही हसले. अण्णाच्या ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती आणि त्यानं आवाज आणखी वाढवला.

बेटावर एक कडुलिंब होता आणि त्याखाली दगडाचे दोन ओटे. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात, वरून माती. ते दोन ओटे म्हणजे मामाच्या आईची आणि मामीची समाधी होती. हे मला माहीत होतं, लहानपणी मी तिथं बेल वाहिलेला होता. तरी वहिनीनं त्यातल्या एका ओट्यावर स्टोव्ह मांडला तेव्हा मी शेजारी उभी राहून काडेपेटी शोधत होते. मामा आला. आवाज न चढवता म्हणाला, ‘सूनबाई, चूल जरा पल्याड घ्या. हितं तुमची मामी बसलीय.’ वहिनी बिचारी चरकली, तिनं स्टोव्ह उचलला. पण अण्णा सतरंजीवर लोळत म्हणाला, ‘मामा, असू दे रे, दगडच आहे तो. चहा होईपर्यंत मामी काही म्हणणार नाही!’ मामाचा चेहरा असा झाला, की त्यानं अण्णाच्या थोबाडीत मारायला हवी होती. त्यानं मारली नाही. मी तरी बोलायला हवं होतं, मीही बोलले नाही.

जेवणं झाल्यावर मामा उठला. मामीच्या ओट्यापासून त्यानं तीन पावलं मोजली आणि तिथं मातीतच मांडी घालून ताठ बसला. इकडे सरकून बघितलं, तिकडे सरकून बघितलं. मग म्हणाला, ‘पुरती जागा. मला हितं बसवा.’ अण्णानं टाळी वाजवली. ‘मामा, तुला वाजतगाजत होडीतून आणू!’ मामानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, ‘सुमे, ह्यो हसण्यावारी नेतोय. तू सांग. आणशील का मला?’ मी म्हटलं, ‘हो रे मामा, आणीन.’ तो उठला, धोतर झटकलं आणि परतीच्या वाटेत कधी नव्हे तो मुलांशी थट्टामस्करी करत राहिला. घरी येताना जीपमध्ये त्याला गाढ झोप लागली होती.

आता पुढच्याच एप्रिलअखेरीचा तो दिवस. ओसरीवर मामाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला भस्म लावलं होतं. सकाळी मी शाळेला गेल्यावर छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं होतं. स्वामी आले होते, त्याला बसवून न्यायचं विमान बांधायचं चाललं होतं. आई एकदाच बोलली. ‘त्याला तिकडं न्या. त्यानं सांगितलं होतं.’ अण्णा वैतागला. ‘आई, या उन्हात? शंभर किलोमीटर? आणि पुढं काय, होडीत बसवायचं का? उलटली तर?’ शेजारचे दोन शहाणे ‘अशक्य, अशक्य’ म्हणाले. मग अण्णा माझ्याकडे वळला. ‘सुमन, तू भूगोल शिकवतेस, तूच सांग आईला.’ आणि मी सांगितलं. काय सांगितलं ते शब्दाला शब्द आठवतंय. ‘आई, चहूबाजूंनी पाणी आहे गं. नाही जमायचं.’ आई पदरानं मामाचे पाय पुसायला लागली. पाचच्या आत आम्ही मामाला इथल्या रुद्रभूमीत, अनोळखी माणसांच्या रांगेत, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवून आलो. मामाच्या नावानं केलेल्या शिवगणाराधनेला जेवणाची पंगत मात्र झकास झाली. वांग्याची भाजी किती चविष्ट होती ते मला चौघांनी सांगितलं.

तीन आठवड्यांनी आईनं माझ्या हातात एक पुडी दिली. मामाच्या समाधीवरची मूठभर माती तिनं रुमालात बांधून ठेवली होती. ‘एवढं तरी तिथं नेऊन टाक,’ म्हणाली. अण्णाला वेळ नव्हता. मी एकटीच एस.टी.नं गेले, फाट्यावर उतरले, उन्हातून चालत काठाशी आले. सोपान बाभळीखाली जाळं शिवत बसला होता आणि त्याची होडी कोरड्या जमिनीवर पालथी पडली होती. मी म्हटलं, ‘बेटावर सोडता का?’ त्यानं मला ओळखलं. ‘मल्लाप्पाच्या भाची न्हवं तुमी? होडी कशाला बाई? पाणी कवाच हटलंय. होळीपासनं हितं पाय भिजत न्हाय, बैलगाडी जाती की!’

मी बघितलं. टेकाडापर्यंत भेगाळलेली जमीन होती. तिच्यावरून चाकांच्या दोन चाकोऱ्या थेट कडुलिंबापर्यंत गेल्या होत्या. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, हे मी सातवीच्या पोरींना दरवर्षी शिकवते. उत्तर न येणाऱ्या पोरीला बाकावर उभी करते.

मामा गेला, एवढंच मी सोपानला सांगितलं, कधी ते नाही. त्यानं जाळं बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि उठला. ‘चला,’ म्हणाला. आम्ही चालत गेलो, दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मामीच्या ओट्यापासून तीन पावलांवर एक खड्डा होता. चौकोनी, कडा तासलेला, आत मांडी घालून बसता येईल एवढा, वर बाभळीच्या फांद्या झाकलेल्या. ‘त्यानंच खणलाय,’ सोपान सांगत होता. ‘पाडव्यानंतर आलता, दोन दिस राहिला. मी म्हणलं, मल्लाप्पा, आत्ताच कशाला? तर म्हणतो, माझी माणसं शहरातली हायती, उन्हात त्यास्नी खणायचा तरास नको.’ पाडव्यानंतर मामा दोन दिवस नव्हता खरा. मंद्रूपला लग्न आहे म्हणून सांगून गेला होता. परत आला तेव्हा तळहाताला फोड होते आणि अण्णानं त्यावरही काहीतरी विनोद केला होता.

सोपाननं फांद्या बाजूला केल्या, आत उतरून चार पाचोळ्याची पानं वेचली आणि खालूनच मला विचारलं, ‘मग कवा आणताय त्याला?’ मी पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि ‘मामाच्या समाधीवरची माती,’ म्हणत त्याच्यापुढे धरला. सोपाननं खड्ड्यातूनच रुमालाची कड धरून आत बघितलं.

‘एवढाच व्हय?’ तो म्हणाला.