अनेबल

गुडघ्याचं कारण सांगून चिखल्याच्या मँगनीज खाणीतून वरच्या हलक्या कामावर आलेला आमचा शेजारी प्रत्येक मदतीला ‘अनेबल’ म्हणायचा, अगदी मयताला खांदा द्यायलाही.

“मी नाही म्हनत नाही भाऊ. मन आहे, पन अंग साथ देत नाही. त्यालेच अनेबल म्हन्तेत,” तो गुडघा चोळत समजावायचा. मला ते सोंग वाटायचं.

एका दुपारी आई अंगणात कोसळली. मी पोचण्याआधीच तो भिंत ओलांडून आला आणि तिला उचलून रस्त्यावरच्या जीपपर्यंत धावला. आई वाचली. परतताना मात्र तो लंगडत होता.

“कोनाले सांगू नोको,” म्हणाला.

परवा खाणीच्या साहेबांनी मला विचारलं, “तो खरंच लंगडते का?”

“हो,” म्हणालो. तरी भिंतीपलीकडे त्याची पावलं वाजली की मी अजून कान देतो.